मुक्त व्यापार करार: जोडीदार देश कसा निवडला जातो?

आडवाट
4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये भारताने आरसेपमधून (चीन, जपान, आग्नेय आशिया वगैरे पंधरा देशांचा सामायिक व्यापार करार) अंग काढून घेतलं. तेव्हा वाटलं होतं, आता दहा वर्षं तरी मुक्त व्यापार करार हा शब्द कुणी काढणार नाही. पण 1 एप्रिल 2021 पासून मॉरिशस, 1 मे 2022 पासून संयुक्त अरब अमिराती, 29 डिसेंबर 2022 पासून ऑस्ट्रेलिया, मार्च 2024 मध्ये एफ्टाच्या चार देशांशी (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन) सही, जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी सही अशी रांगच लागली.

आपला सर्वांत जास्त व्यापार अमेरिका आणि चीनशी. यांतल्या एकाशीही असा करार लागू झालेला नाही, आणि आफ्रिकेतला पहिला करार झाला तो मॉरिशसशी. म्हणजे व्यापाराचा आकार बघून देश निवडतात हे काही खरं दिसत नाही. माझं मत असं की देश राजकारण निवडतं आणि मालाची यादी अर्थकारण ठरवतं. पटत नसेल तर खोडून काढा. पण कुठला माल, किती शुल्क, कुठला नियम हे सांगूनच बोला.

लवंगी
अर्धंच पटलं. देश निवडताना बऱ्याचदा राजकारण नसतं, भीती असते. आपल्या स्पर्धकाला सवलत मिळाली आणि आपल्याला नाही, एवढं एक कारण पुरतं.

तयार कपडे घ्या. युरोपीय संघात कपड्यांवर साधारण 12% पर्यंत शुल्क आहे. बांगलादेश अल्पविकसित देश म्हणून शून्यावर जातो. व्हिएतनामचा युरोपशी करार 1 ऑगस्ट 2020 पासून लागू झाला आणि त्याचं शुल्क टप्प्याटप्प्याने शून्याकडे निघालं. भारतीय कपडा मात्र 9.6 टक्क्यांवर अडकला. टी-शर्टसारख्या मालात कारखानदाराच्या हातात राहणारा नफाच मुळात चार-पाच टक्के असतो, तिथे 9.6% म्हणजे ऑर्डर दुसरीकडे जाणार हे ठरलेलंच. भारत-युरोप बोलणी 2007 ला सुरू झाली, 2013 ला थांबली, 2022 ला परत सुरू झाली आणि जानेवारी 2026 मध्ये पूर्ण झाल्याची घोषणा झाली. मधली नऊ वर्षं कुणाला घाई नव्हती. नंतर घाई झाली, तिच्यामागे व्हिएतनाम आहे.

जकातनाका
आरसेपबद्दल एक गोष्ट नेहमी सुटते. पंधरापैकी बारा देशांशी आपले करार आधीच होते: आसियान या आग्नेय आशियाई गटाचे दहा, जपान आणि कोरिया. नवे तीनच, चीन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. म्हणजे नाव काहीही असलं तरी भारताच्या दृष्टीने आरसेप हा चीनशी मुक्त व्यापार करार होता.

आणि माघारीची कारणं फार तांत्रिक होती.

पहिलं, पाया वर्ष. शुल्क कुठल्या वर्षाच्या दरापासून उतरवायचं? मसुद्यात 2014 होतं, भारताला 2019 हवं होतं. 2014 नंतर मोबाईल फोन आणि त्याचे सुटे भाग यांवर आपण शुल्क लावलं होतं, देशात जुळणी व्हावी म्हणून. 2014 धरलं तर ते सगळं शुल्क कागदावर नव्हतंच, मग पहिल्याच दिवशी ते काढावं लागलं असतं.

दुसरं, आयात एका मर्यादेपुढे गेली की शुल्क आपोआप परत वाढेल अशी तरतूद भारताने मागितली होती. ती मनासारखी मिळाली नाही.

तिसरं, माल चीनचा आणि शिक्का व्हिएतनामचा, हे थांबवणारे मूळ देशाचे नियम ढिले होते.

या देशांबरोबरची आपली तूट 2018-19 मध्ये सुमारे 105 अब्ज डॉलर होती, त्यातली निम्मी एकट्या चीनची. हे अर्थकारण की राजकारण? सीमेवरचा तणाव नसता तरी पाया वर्षाचा मुद्दा उरलाच असता.

मोगरा
पाया वर्षाचं आज पहिल्यांदा नीट समजलं. धन्यवाद.

खलाशी
धागा फक्त भारतापुरता नसेल तर अमेरिकेकडे बघा. राजकारणाने देश निवडल्याची इतकी उघड उदाहरणं दुसरीकडे मिळत नाहीत.

अमेरिकेचा पहिला मुक्त व्यापार करार 1985 चा, इस्रायलशी. मग जॉर्डन (सही ऑक्टोबर 2000), नंतर मोरोक्को, बहारीन, ओमान. या देशांशी अमेरिकेचा व्यापार तिच्या एकूण व्यापाराच्या मानाने नगण्य आहे.

त्यातही जॉर्डनची 'पात्र औद्योगिक क्षेत्रं' बघण्यासारखी. इस्रायलशी जॉर्डनच्या 1994 च्या शांतता करारानंतर अमेरिकेने सांगितलं, या ठरावीक वसाहतींत बनलेला माल आमच्याकडे बिनशुल्क येईल, पण त्यात किमान 35% मूल्य या भागातलं हवं आणि त्यात इस्रायलचा वाटा साधारण 8% तरी हवा. म्हणजे जॉर्डनच्या कपड्याला इस्रायलची चेन, बटणं, रसायनं किंवा खोकी लागणारच. इजिप्तला हीच सोय डिसेंबर 2004 मध्ये मिळाली, इस्रायलचा वाटा 11.7%, पुढे तो 10.5% वर आणला. दोन शेजाऱ्यांनी भांडू नये म्हणून एकाच्या शर्टात दुसऱ्याची बटणं शिवायची, आणि ही अट थेट मूळ देशाच्या नियमातच घालायची.

उलट बाजूने न्यूझीलंड. ऑस्ट्रेलियाला अमेरिकेशी करार मिळाला, 1 जानेवारी 2005 पासून लागू. शेजारचं न्यूझीलंड ताटकळत राहिलं. अण्वस्त्रवाहू जहाजांना बंदरात येऊ न देण्याचं त्यांचं 1980 च्या दशकापासूनचं धोरण आणि इराक युद्धात न उतरणं, दोन्ही वॉशिंग्टनमध्ये बोचत होतं.

लवंगी
@खलाशी, न्यूझीलंडच्या बाबतीत दूध विसरू नका. अमेरिकेतल्या दूध उत्पादकांचा त्या कराराला कडवा विरोध होता, कारण न्यूझीलंड जवळजवळ सगळं दूध निर्यातीसाठीच काढतं. आण्विक जहाजं हे बोलायला सोपं कारण आहे. जिथे राजकारण दिसतं तिथे खाली एखादी दूधपावडरची गोणी असते.

खलाशी
मान्य. दोन्ही कारणं एकाच बाजूने ओढत होती.

पाणवठा
चीनचं राहिलं. चीनशी करार हवा असेल तर आधी राजकीय हप्ता भरावा लागतो, आणि त्याचे पुरावे तारखांतच आहेत.

कोस्टा रिकाने 2007 मध्ये तैवानची मान्यता काढून चीनला दिली, 2011 मध्ये चीनशी मुक्त व्यापार करार लागू झाला. न्यूझीलंडने 2004 मध्ये चीनला बाजार अर्थव्यवस्थेचा दर्जा दिला आणि 2008 मध्ये चीनशी करार करणारा पहिला विकसित देश ठरला. हा दर्जा नुसता मानाचा नसतो. तो दिला की चिनी मालावर अँटी-डंपिंग शुल्क (अवाजवी स्वस्त विकलेल्या मालावरचं जादा शुल्क) लावताना तिसऱ्या देशातल्या किमती धरता येत नाहीत, चीनच्याच धराव्या लागतात आणि शुल्क कमी बसतं.

नॉर्वेची चीनशी बोलणी चालू होती. 2010 चं शांततेचं नोबेल तुरुंगातले चिनी सरकारविरोधक लिऊ शाओबो यांना जाहीर झालं आणि बोलणी गोठली, ती डिसेंबर 2016 मध्ये संबंध पूर्ववत होईपर्यंत. हे नोबेल देणारी समिती नॉर्वेची, पण सरकारच्या हाताखाली नाही, तरीही.

आणि दिलेली सवलत परतही घेता येते. तैवानशी 2010 मध्ये केलेल्या करारातल्या 12 पेट्रोरसायनांवरच्या सवलती चीनने 1 जानेवारी 2024 पासून काढल्या. तैवानची निवडणूक 13 जानेवारीला होती. निवडून आलेले लाई चिंग-ते यांनी 20 मे रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि 15 जूनपासून आणखी 134 वस्तूंच्या सवलती गेल्या.

आडवाट
@पाणवठा, या तारखांनी माझं पहिलं वाक्य अजून घट्ट झालं. पण भारत असं वागतो का?

जकातनाका
करार मोडून नाही, कराराला वळसा घालून वागतो. मलेशियाचं पामतेल. 1 जानेवारी 2019 पासून मलेशियातून येणाऱ्या रिफाइंड पामतेलावर 45% शुल्क होतं आणि इंडोनेशियाच्या तेलावर 50%, कारण मलेशियाशी वेगळा करार आहे. आयात मलेशियाकडे वळली, देशातल्या रिफायनरींनी तक्रार केली आणि सप्टेंबर 2019 मध्ये 5% संरक्षण शुल्क लागलं. इथपर्यंत शुद्ध अर्थकारण. मग काश्मीरवर मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथिर यांची विधानं आली, आणि 8 जानेवारी 2020 ला रिफाइंड पामतेल 'मुक्त' मधून 'प्रतिबंधित' यादीत गेलं. शुल्काचा दर होता तसाच राहिला, पण परवान्याशिवाय माल येणं बंद झालं.

कांद्याचंही तेच. डिसेंबर 2023 पासून निर्यातबंदी होती, पण मार्च 2024 मध्ये बांगलादेशाला 50,000 टन आणि अमिरातीला 14,400 टन देण्याची खास परवानगी निघाली. अमिरातीशी करार आहे, बांगलादेशाशी तसा द्विपक्षीय करार नाही. म्हणजे हे कराराने मिळालं नाही, मैत्रीने मिळालं. लासलगावच्या शेतकऱ्याला त्या बंदीने काय दिलं हा वेगळा आणि फार कडवट विषय.

कातळशिल्प
थोडं विषयांतर, पण कोकणासाठी महत्त्वाचं आहे. सुपारीवर सर्वसाधारण शुल्क 100% आहे, तरी बाहेरची स्वस्त सुपारी बाजारात येतेच. ती श्रीलंकेतून सवलतीत येते. श्रीलंकेत एवढी सुपारी पिकते का? आग्नेय आशियातली सुपारी तिथे उतरवून, शिक्का बदलून इकडे पाठवल्याच्या तक्रारी किती वर्षं चालू आहेत. मिरीचंही तसंच, व्हिएतनामची मिरी श्रीलंकेची म्हणून येते. 1998 ला श्रीलंकेशी करार करताना शेजारधर्म पाहिला, बागायतदार कुणी पाहिला नाही.

जकातनाका
विषयांतर अजिबात नाही. मैत्रीखातर केलेल्या कराराचा गैरफायदा तिसरा देश कसा घेतो त्याचं हे भारतातलं जुनं उदाहरण.

श्रीलंका करार 1 मार्च 2000 पासून लागू झाला. मूळ देशाचा नियम साधा होता: श्रीलंकेत 35% मूल्यवर्धन आणि शुल्कसूचीतलं चार अंकी शीर्षक (मालाच्या प्रकाराचा क्रमांक) बदललं पाहिजे. आता बघा. कच्चं पामतेल शीर्षक 1511 मध्ये, हायड्रोजनीकरण करून झालेलं वनस्पती तूप 1516 मध्ये. शीर्षक बदललं, अट पूर्ण. पामतेलावर भारतात शुल्क जबर, श्रीलंकेत कमी. त्यामुळे भारतीय उद्योजकांनीच तिकडे कारखाने टाकले, मलेशिया-इंडोनेशियाचं तेल तिथे उतरवलं आणि वनस्पती भारतात बिनशुल्क. तांब्याचंही तसंच. भंगार 7404, त्याचे वितळवलेले ठोकळे 7403. शीर्षक बदललं. 35 टक्क्यांचं काय? भंगाराची किंमत कागदावर कमी दाखवली की मूल्यवर्धन वाढलेलं दिसतं.

शेवटी 2006 मध्ये वनस्पतीसाठी वर्षाला 2,50,000 टनांची मर्यादा आली. मिरीला 2,500 टनांचा कोटा आहे, शिवाय डिसेंबर 2017 पासून किलोला किमान आयात किंमत 500 रुपये. सुपारीची किमान किंमत फेब्रुवारी 2023 मध्ये 251 वरून 351 रुपये केली. पण किमान किमतीला पळवाट आहे: बिल फुगवून 351 दाखवायचं आणि वरचे पैसे दुसऱ्या वाटेने परत घ्यायचे.

21 सप्टेंबर 2020 पासून कॅरोटारचे नियम (सवलतीत आणलेल्या मालाचा मूळ देश तपासण्याचे) लागू झाले. त्याआधी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे मूळ देशाचा दाखला, दाखवलं की काम झालं. आता सीमाशुल्क कायद्याच्या कलम 28डीए प्रमाणे आयातदाराकडेच माहिती हवी: कच्चा माल कुठला, प्रक्रिया कुठली, मूल्यवर्धन कसं मोजलं. हे कागद पाच वर्षं जपायचे. अधिकाऱ्याला शंका आली तर सवलत थांबते आणि पडताळणीसाठी विचारणा निर्यात करणाऱ्या देशाकडे जाते.

मोगरा
मग सोन्याचा घोळ यातलाच का? अमिरातीचा?

जकातनाका
त्याची युक्ती वेगळी. तिथे देश खरा होता, वस्तूचं नाव बदललं होतं.

शुल्कसूचीच्या 71 व्या प्रकरणाची पाचवी टीप: मिश्रधातूत वजनाने 2% किंवा जास्त प्लॅटिनम असेल तर तो प्लॅटिनमचा मिश्रधातू समजायचा. त्यात बाकी 90 टक्क्यांहून जास्त सोनं असलं तरी. अमिरातीच्या करारात सोन्याला फक्त कोट्यापुरती एका टक्क्याची सवलत आहे, कोटा 120 टनांपासून वाढत 200 टनांपर्यंत. प्लॅटिनमला मात्र सलग उतरती सवलत. जुलै 2024 पर्यंत सोन्यावर 15% शुल्क होतं. मग सोन्यात थोडं प्लॅटिनम घालून आणायचं, इथे वितळवून वेगळं करायचं. अर्थसंकल्पात सोन्याचं शुल्क 15 वरून 6% केल्यावर फरक घटला, नंतर वेगळ्या टॅरिफ ओळी काढून आणि आयातीवर निर्बंध घालून वाट बुजवली.

हा करार अवघ्या 88 दिवसांत वाटाघाटी होऊन ठरला. इतक्या घाईत पाचवी टीप कोण वाचणार? राजकीय इच्छा जोरात असते तेव्हा तपशील असा सुटतो.

ताम्हण
@आडवाट, तुमच्या मुद्द्याला सर्वांत चांगला पुरावा स्वित्झर्लंडचा आहे. 1 जानेवारी 2024 पासून स्वित्झर्लंडने औद्योगिक मालावरचं सगळं शुल्क सगळ्या देशांसाठी एकतर्फी काढलं. आपली एफ्टा करारावर सही झाली 10 मार्च 2024 ला. म्हणजे स्विस बाजारात भारतीय यंत्रं, रसायनं, कपडे यांना करारातून मिळणारी शुल्कसवलत सहीआधीच शून्य झाली होती. बिनशुल्क वाट चीनलाही खुली होती.

मग भारताने त्यांना सवलत दिली ती कशासाठी? 15 वर्षांत 100 अब्ज डॉलर गुंतवणुकीसाठी: पहिल्या दहा वर्षांत 50, पुढच्या पाच वर्षांत 50, आणि सोबत 10 लाख रोजगार. ते झालं नाही तर सल्लामसलतीनंतर भारत शुल्कसवलती मागे घेऊ शकतो. शुल्काच्या बदल्यात शुल्क नाही, शुल्काच्या बदल्यात भांडवल. 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू आहे.

लवंगी
ती गुंतवणूक खाजगी कंपन्या करणार, सरकारं फक्त 'प्रयत्न करू' म्हणणार. पंधरा वर्षांनी मोजणार कोण? तेव्हा दोन्हीकडची सरकारं वेगळी असतील.

ताम्हण
शंका रास्त आहे. पण आपण काय गमावलं तेही मोजा. दूध वगळलं, सोयाबीन वगळलं, सोन्यावर प्रत्यक्ष शुल्क हललं नाही, आणि स्वित्झर्लंडमधून आपण सर्वांत जास्त सोनंच आणतो.

रानभाजी
हे सगळं संसदेत मांडून मंजूर होतं ना?

जकातनाका
भारतात नाही. मंत्रिमंडळाची मंजुरी, मग सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25 खाली अधिसूचना, झालं. आसियानची 46/2011, अमिरातीची 22/2022. करार खरोखर वाचायचा असेल तर बातम्या सोडून ह्या अधिसूचनांचे तक्ते उघडा. ब्रिटनमध्ये करार संसदेपुढे 21 बैठकांच्या दिवसांसाठी ठेवावा लागतो, युरोपीय संघात युरोपीय संसदेची संमती लागते. याचा वाटाघाटीत उलटा परिणाम होतो. समोरचा म्हणू शकतो, 'आमची संसद हे मान्य करणार नाही', आपल्याला तसं म्हणता येत नाही.

पाणवठा
आपला हेतू बोलून झाला, समोरच्याचाही बघा.

2020 मध्ये ऑस्ट्रेलियाने कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मे महिन्यात चीनने त्यांच्या बार्लीवर 80.5% शुल्क लावलं, पुढे वाईनवर 218% पर्यंत. दोघांत 2015 पासून मुक्त व्यापार करार होता, त्याने काही वाचवलं नाही. 2011 ला सुरू होऊन रखडलेली भारताशी बोलणी तेव्हा जागी झाली. पूर्ण करार जमेना तर 2 एप्रिल 2022 ला अंतरिम करार केला, कारण मे मध्ये त्यांची निवडणूक होती. भारताला कोकिंग कोळशावरचं 2.5% शुल्क काढणं परवडणारं होतं, आपल्या पोलाद कारखान्यांनाच तो हवा होता.

ब्रिटनने भारताशी केलेल्या कराराचा फायदा त्यांच्याच सरकारी अंदाजाने दीर्घकाळात वर्षाला 4.8 अब्ज पौंड, राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.13%. एवढ्यासाठी तीन वर्षं बोलणी कोण करतं? ब्रेक्झिटनंतर 'आम्ही एकटे करार करू शकतो' हे दाखवायचं होतं.

कातळशिल्प
वाईनवरून आठवलं, नाशिकवाल्यांचं काय?

ताम्हण
तिथे दराबरोबर किमतीची रेघ महत्त्वाची. ऑस्ट्रेलियाच्या 750 मिलीच्या बाटलीची आयात किंमत 5 डॉलरपेक्षा कमी असेल तर सवलत नाही, पूर्ण 150%. 5 च्या वर 150 वरून 100% आणि दहा वर्षांत 50%. 15 च्या वर पहिल्या दिवशी 75% आणि शेवटी 25%. म्हणजे नाशिकची वाईन ज्या भावात विकली जाते तिथली गर्दी बाहेर ठेवली. ब्रिटनच्या व्हिस्कीला 150 वरून 75% आणि दहा वर्षांनी 40%. न्यूझीलंडशी डिसेंबर 2025 मध्ये बोलणी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, त्यातही दूध बाहेरच. पूर्वी म्हणत, दूध वगळून न्यूझीलंडशी करार म्हणजे मीठ वगळून लोणचं. तरी झाला. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतीय मालावर 50% शुल्क लावल्यावर आपल्याला दुसऱ्या बाजारांची घाई होती आणि न्यूझीलंडलाही चीनवरचं अवलंबन कमी करायचं होतं.

आडवाट
मूळ प्रश्नावर येतो, पण थोडा बदलून. लवंगी म्हणतात भीती, पाणवठा म्हणतात राजकीय हप्ता, ताम्हण म्हणतात भांडवल. मग आता ज्याची बोलणी चालू आहेत तो चिली कशात बसतो? 2007 पासून मर्यादित करार आहे, 2017 मध्ये वाढवला. मे 2025 मध्ये व्यापक करारासाठीच्या अटींवर सह्या झाल्या. एवढ्या लांबचा देश का?

लवंगी
चिलीचं सर्वसाधारण शुल्कच सपाट 6% आहे, आणि बहुतेक मोठ्या देशांशी त्यांचे करार आहेत. त्यामुळे तिथे आपला स्पर्धक बहुधा आधीच शून्यावर आहे. 6% वाचवण्यासाठी सर्टिफिकेटचा खटाटोप लहान निर्यातदार करेलच असं नाही. माझ्या 'भीती'त फारसा बसत नाही. उलट त्यांची सफरचंदं, अक्रोड, किवी आले तर हिमाचल आणि काश्मीर बोंब मारतील.

जकातनाका
लिथियम आणि तांबं. पण शुल्क बघा. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात 25 महत्त्वाच्या खनिजांवरचं सीमाशुल्क सगळ्या देशांसाठी काढलं, लिथियम त्यात आहे. म्हणजे लिथियमपुरता करार शुल्कासाठी नाहीच. चिलीत लिथियम 1979 पासून राखीव खनिज आहे, खाजगी कंपनीला सरकारी संस्थेशी केलेल्या करारावरच ते काढता येतं. आपल्याला हवी आहे ती त्या दारातली जागा. तांब्याचं खनिज तिथून खात्रीने मिळालं तर इथल्या तांबं गाळणाऱ्या कारखान्यांनाही फायदा.

मसुदा बाहेर आला की मी आधी खनिजांच्या शोध आणि उत्खननाच्या हक्कांचं प्रकरण शोधेन. ते कलम बांधील शब्दांत असेल तर सफरचंदाचा कोटा मोठा दिलेला असणार. आणि ते नुसतं 'सहकार्य करू' असेल तर आपल्या वाटाघाटीकारांनी अक्रोडही सोडता कामा नये.